रेंज जाते, येते, पुन्हा जाते: दोष जागेचा, सिमचा की फोनचा?

नेमकं काय होतंय ते आधी बघा. "रेंज नाही" या दोन शब्दांत बऱ्याच वेगवेगळ्या तक्रारी असतात आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा असतो.

- घरात रेंज नाही, अंगणात किंवा गच्चीवर गेलं की येते.
- कांड्या पूर्ण दिसतात, पण कॉल लागत नाही किंवा नेट नुसतं फिरत राहतं.
- समोरच्याचा आवाज स्वच्छ येतो, तुमचा मात्र त्याला तुटक जातो.
- कांड्यांच्या जागी 'नो सर्व्हिस' येतं.
- 'फक्त आपत्कालीन कॉल' असं येतं.
- मधेच 'सिम नाही' दिसतं, फोन हलवला की पुन्हा येतं.
- फोन पडल्यापासून, भिजल्यापासून किंवा डिस्प्ले बदलल्यापासून रेंज कमी झाली.
- रेंज बरी दिसते, पण फोन गरम होतो आणि बॅटरी दुपारीच संपते.

शेवटचं लक्षण लोक रेंजशी जोडतच नाहीत. टॉवर लांब असेल किंवा आड काही असेल, तर त्याच्यापर्यंत पोचायला फोन आपली ताकद वाढवतो. ती ताकद बॅटरीतूनच जाते. त्यामुळे बॅटरी बदलायला आलेल्याला मी आधी विचारतो, "घरी रेंज कशी आहे?"

चिपळूणच्या बाजारात माझं दुरुस्तीचं दुकान आहे. रेंजची तक्रार घेऊन आलेले बरेचसे फोन मला उघडावेच लागत नाहीत. संशयित तीनच असतात: जागा, सिम आणि फोन. यातला कोण हे पैसे न घालवता, घरबसल्या ठरवता येतं. ते ठरवण्याआधी कुणी स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला तर त्याला थांबवा. मी असलो तरी.

कांड्या सोडा, आकडा बघा

वरच्या कोपऱ्यातल्या कांड्यांना काही नियम नाही. किती सिग्नलला किती कांड्या दाखवायच्या हे फोन बनवणारी कंपनी ठरवते. एकाच टेबलावर ठेवलेल्या दोन फोनांत एकात चार आणि दुसऱ्यात दोन कांड्या दिसतात आणि प्रत्यक्षात दोघांना मिळणारा सिग्नल सारखाच असतो. नुसत्या कांड्यांवरून "माझा फोन खराब, ह्याचा चांगला" हे ठरत नाही.

खरा आकडा फोनमध्येच असतो. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन', तिथे 'स्टेटस' किंवा 'सिम स्टेटस', आणि त्यात 'सिग्नल स्ट्रेंथ'. समोर उणे ९५ डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं माप) असं काहीतरी दिसेल. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केलं की फील्ड टेस्ट उघडते, तिथे आरएसआरपी नावाचा आकडा शोधा. दोन सिम असतील तर कुठल्या सिमचा आकडा बघताय ते तपासा.

आकडा उणे असतो, त्यामुळे शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. ४जीवर उणे ८० ते उणे ९५ असेल तर काळजी नको. उणे १०५ च्या आसपास काम चालतं, पण घरात दोन भिंती मधे आल्या की अडतं. उणे ११५ च्या खाली कॉल तुटायला लागतात, आणि उणे १२० नंतर फोन टॉवर सोडूनच देतो. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: दहाचा फरक म्हणजे दहापट. उणे ९० चं उणे १०० झालं तर तुमच्यापर्यंत पोचणारा सिग्नल एक दशांश राहिला. म्हणून दहाचा फरक हा किरकोळ फरक नव्हे.

२जी आणि ४जीचे आकडे वेगळ्या पद्धतीने मोजलेले असतात, त्यांची तुलना करू नका. आणि जागेवर उभं राहूनसुद्धा आकडा तीन-चारने वरखाली होतच असतो. एक मिनिट बघा आणि साधारण कुठे स्थिरावतो ते कागदावर लिहा. पुढची प्रत्येक तपासणी केल्यावर हाच आकडा परत बघायचाय.

एकट्याचीच गेली की सगळ्यांची?

सगळ्यात सोपी तपासणी: त्याच कंपनीचं सिम असलेल्या शेजाऱ्याला विचारा. त्याचीही रेंज गेली असेल तर टॉवरच बंद आहे, फोनला हात लावू नका. आपल्याकडे पावसाळ्यात हे सारखं होतं. वीज जाते, टॉवरची बॅटरी काही वेळ तग धरते, डिझेल पोचलं नाही तर तो बंद पडतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात आलं, तेव्हा रायगडात आणि दापोली-मंडणगडकडे कितीतरी गावं विजेविना आणि रेंजविना होती. तेव्हा कुणाच्या फोनमध्ये काही बिघडलेलं नव्हतं.

"पाऊस पडला की रेंज जाते" हे अर्धंच खरं आहे. आपला फोन ज्या लहरींवर चालतो त्यांना पावसाच्या थेंबांचा फारसा अडथळा होत नाही. अडथळा होतो तो टॉवरवरच्या गोल डिशला. एका टॉवरचं बोलणं दुसऱ्या टॉवरपर्यंत या डिशमधून जातं, त्या लहरींची फ्रीक्वेन्सी खूप जास्त असते, आणि मुसळधार सरीत त्या मार खातात. मग तुमच्याकडे कांड्या पूर्ण दिसतात, कारण टॉवर उभा आहे, पण त्याचा मागचा रस्ता अडलेला असतो. नेट फिरत राहतं. सर ओसरली की आपोआप सुरू होतं.

गणपतीत आणि शिमग्याला आणखी वेगळा प्रकार. मुंबईचे चाकरमानी गावाला आले की वर्षभर दोनशे फोन सांभाळणाऱ्या टॉवरवर हजारभर फोन येतात. आकडा उणे ८५ दाखवतो आणि साधा फोटो जात नाही. ही गर्दी आहे. पहाटे पाचला उठून नेट बघा. तेव्हा पळत असेल तर फोन आणि सिम दोन्ही ठणठणीत आहेत, सण संपेपर्यंत थांबा.

रिचार्जही बघून घ्या. हसू नका. मुदत संपलेली दुसरी सिम घेऊन "याची रेंज गेली" म्हणत येणारे पुष्कळ आहेत.

विमान मोड आणि रीस्टार्ट

फ्लाइट मोड चालू करा, अर्धं मिनिट थांबा, बंद करा. फरक पडला नाही तर फोन पूर्ण बंद करून चालू करा.

यामागे कारण आहे. बराच वेळ सिग्नल मिळाला नाही की बॅटरी वाचवायला फोन टॉवर शोधायचं प्रमाण कमी करतो. कोकण रेल्वेने रत्नागिरीकडे जाताना करबुडेचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो. बाहेर आल्यावर शेजारच्याचा फोन वाजायला लागतो आणि तुमचा अजून 'नो सर्व्हिस'वरच असतो, ते यामुळे. कुंभार्ली घाट उतरतानाही तेच. फ्लाइट मोड बंद केला की फोनला लगेच नव्याने शोधावं लागतं. शिवाय लांबच्या टॉवरला चिकटून बसलेला फोन जवळचा टॉवर पकडतो.

दिवसातून एखाद्या वेळी असं करावं लागलं तर ठीक. पण एकाच जागी बसून तासातासाला करावं लागत असेल, तर दोष दुसरीकडे आहे. पुढे चला.

कव्हर काढा

फोनचा अँटेना बाहेर दिसत नाही, पण तो वरच्या आणि खालच्या कडेला असतो. धातूच्या फ्रेमवर ज्या बारीक प्लास्टिकच्या रेषा दिसतात त्या शोभेच्या नाहीत. अँटेना म्हणून वापरलेले फ्रेमचे तुकडे त्या रेषांनी वेगळे केलेले असतात. त्यावर धातूचं कव्हर, धातूची रिंग किंवा गाडीतल्या चुंबकाच्या होल्डरसाठी मागे चिकटवलेली पत्र्याची चकती आली की सिग्नल अडतो. ही चकती बहुतेक जण कव्हरच्या आत चिकटवून विसरून जातात.

कव्हर, चकती सगळं काढा, त्याच जागी उभे राहून आकडा बघा. आठ-दहाचा फरक दिसला तर काम इथेच संपलं. दोन-तीनचा फरक दिसला तर तो फरक नाही, कव्हर परत घाला. गेम खेळताना फोन आडवा धरून दोन्ही टोकं तळहातांनी झाकली तरी आकडा पडतो. तेवढ्यासाठी कुणी दुकानात येऊ नये.

घरात फिरून बघा

आता आकडा उघडा ठेवून घरभर चाला. माजघर, पडवी, अंगण, गच्ची. प्रत्येक ठिकाणी थोडं थांबा, कारण आकडा बदलायला काही सेकंद लागतात.

बाहेर उणे ९० आणि आत उणे ११५ असेल, तर घराच्या भिंती सिग्नल खातायत. आपल्याकडच्या जाड जांभ्या चिऱ्याच्या भिंती पावसाळ्यात पाणी पितात आणि ओल्या भिंतीतून सिग्नल आणखी कमी येतो. पत्र्याचं छप्पर तर धातूच, वरून काही येऊ देत नाही. स्लॅबमधल्या सळया, लिफ्टची पेटी, नव्या इमारतींतली उष्णता अडवणारी काच, सगळ्यांचं तेच. घराच्या आणि टॉवरच्या मधे डोंगराची सोंड असेल तर फोन कितीही महागाचा घ्या.

इथे फ्रीक्वेन्सीचं गणित कामाला येतं. कमी फ्रीक्वेन्सी लांब जाते आणि भिंतीतून बरी शिरते, जास्त फ्रीक्वेन्सी वेग देते पण लवकर अडते. ७००, ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झ या गावाकडच्या आणि घरातल्या उपयोगाच्या. १८०० आणि २१०० मधल्या. २३०० आणि ५जीची ३३०० च्या पुढची, या शहरात टॉवर जवळजवळ असतील तर छान. त्यामुळे एकाच टॉवरखाली एका कंपनीची रेंज माजघरात येते आणि दुसरीची ओटीवरच थांबते. त्या ठिकाणी त्या कंपनीने कुठली फ्रीक्वेन्सी लावली आहे यावर ते ठरतं, आणि ते जाहिरातीवरून कळत नाही. शेजाऱ्याचं सिम तुमच्या माजघरात आणून बघितलं की कळतं.

समोरच्याचा आवाज येतो पण आपला जात नाही, या लक्षणाचं मूळही बहुतेक वेळा इथेच असतं. टॉवर तगड्या ताकदीने पाठवतो, तर ४जीवर फोनला साधारण पाव वॅटच्याही आतच बोलावं लागतं. २जीच्या जमान्यात ९०० मेगाहर्ट्झवर हँडसेट दोन वॅटपर्यंत जाऊ शकायचा. म्हणून सिग्नलच्या काठावर आधी तुमचं बोलणं टॉवरपर्यंत पोचणं बंद होतं, त्याचं तुमच्याकडे येणं नंतर. तरीही बाहेर मोकळ्यावर, चांगल्या आकड्यावरसुद्धा समोरच्याला आवाज जात नसेल, तर ती रेंजची भानगड नाही. माइकच्या भोकात कचरा गेलाय का बघा.

सेटिंग्ज

मोबाइल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये या गोष्टी बघा.

नेटवर्क निवड 'ऑटोमॅटिक' आहे ना? कुणीतरी, बहुधा घरातल्या पोराने, हाताने निवडून ठेवलं असेल तर फोन तेवढंच धरून बसतो. मात्र ऑटोमॅटिक बंद करून एकदा यादी शोधायला लावा, कारण ही फुकटातली फार उपयोगी चाचणी आहे. भर बाजारात उभे राहून यादीत तीन-चार कंपन्यांची नावं आली, तर फोनचा कान शाबूत आहे. यादी रिकामी आली आणि शेजारच्या फोनमध्ये भरलेली आली, तर संशय हँडसेटवर जातो. बघून झालं की ऑटोमॅटिक परत चालू करायला विसरू नका.

व्हीओएलटीई, म्हणजे ४जीवरूनच कॉल करायची सोय, चालू हवी. जिओचं २जी, ३जी नाहीच, त्यामुळे ते बंद असेल तर साधा कॉलच जात नाही. एअरटेलने ३जी २०२० मध्येच गुंडाळलं. तिथे व्हीओएलटीई बंद असेल तर कॉलसाठी फोनला २जीवर उतरावं लागतं आणि त्यात कॉल लागायला वेळ जातो.

५जी. आपल्या देशात ते १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, पण तुमच्या वाडीत ते काठावर पोचत असेल तर त्रासच जास्त. फोन ५जीवर चढतो, सोडतो, ४जीवर येतो, पुन्हा चढतो. या चढउतारात नेट अडकतं आणि बॅटरी संपते. पसंतीचं नेटवर्क दोन दिवस ४जीवर ठेवून बघा. बरं वाटलं तर तिथेच राहू द्या. त्यात कमीपणा काही नाही.

दोन सिमवाल्यांनी एक ध्यानात घ्यावं: बहुतेक फोनांत एका सिमवर बोलत असताना दुसरं सिम 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर' लागतं. बायको म्हणते रेंज नव्हती, तुम्ही म्हणता पूर्ण होती, आणि दोघंही खरं बोलत असता.

यातलं काहीच लागू पडलं नाही तर 'रीसेट नेटवर्क सेटिंग्ज' करा. फोटो, कॉन्टॅक्ट जात नाहीत. वायफायचे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या जातात, त्या आधी लिहून ठेवा. ई-सिम (कार्ड नसलेलं, फोनमध्येच असलेलं सिम) असेल तर 'ई-सिम काढून टाका' अशा चौकटीवर टिक नाही ना, हे दोनदा बघा. फॅक्टरी रीसेट मात्र रेंजसाठी करू नका. कुणी आधी तेच सुचवलं, तर त्याला तपासायचा कंटाळा आलाय असं समजा.

सिमची अदलाबदल

ही तपासणी एकच करा म्हटलं तर मी हीच सांगेन. घरातलं कुणी आणि पाच मिनिटं एवढंच लागतं. दोन्ही फोन त्याच जागी, त्याच टेबलावर ठेवून करा, नाहीतर जागेचा फरक मधे येतो.

तुमचं सिम दुसऱ्याच्या फोनमध्ये घाला. तिथेही रेंज येत नसेल, तर सिम किंवा कंपनी. तिथे नीट आली, तर दुसऱ्याचं सिम तुमच्या फोनमध्ये घाला. ते तुमच्याकडे आल्यावर लंगडं पडलं तर दोष फोनचा. तेही नीट चाललं तर तुमच्या फोनचा आणि तुमच्या सिमचा आपसात मेळ बसत नाही, म्हणजे बहुधा संपर्क नीट होत नाही किंवा सेटिंग बिघडलं आहे. शक्य असेल तर दुसऱ्या खाचेतही घालून बघा. पहिल्या खाचेत जातं आणि दुसऱ्या खाचेत टिकतं, असं झालं तर सिम ट्रेच्या पिना दबल्या आहेत.

'सिम नाही' असं मधेच येत असेल तर सिमची सोनेरी बाजू बघा. काळपट डाग असले तर खोडरबराने हलक्या हाताने पुसा, रबराचा चुरा नीट झटका आणि मगच घाला. खाचेत सुई, टाचणी, पिन काही घालू नका. तिथल्या पिना केसासारख्या असतात. वाकल्या की सिमचा प्रश्न होता तो बोर्डाचा होतो. जुनं मोठं सिम कटरने कापून नॅनो केलेलं असेल, तर त्याच्यात वेळ घालवू नका, थेट नवीन घ्या.

नवं सिम घेतल्यावर पहिले चोवीस तास त्या नंबरवर एसएमएस येत-जात नाहीत. फसवणूक टाळायला तसा नियमच आहे. त्यामुळे बँकेचा ओटीपी लागणार असेल त्या दिवशी सिम बदलू नका. लोक दुसऱ्या दिवशी चिडून परत येतात की सिम नवं असून मेसेज येत नाहीत.

आता 'नो सर्व्हिस' आणि 'फक्त आपत्कालीन कॉल' यातला फरक. दुसरं दिसत असेल तर तुमच्या फोनला कुठला तरी टॉवर ऐकू येतोय, बहुधा दुसऱ्या कंपनीचा, म्हणूनच ११२ लागू शकतो. म्हणजे रेडिओ जिवंत आहे. सिम, रिचार्ज किंवा कंपनीच्या बाजूने शोधा. पहिलं दिसत असेल आणि आजूबाजूच्या सगळ्यांना रेंज असेल, तर फोनकडे वळा.

जागाच वाईट निघाली तर

घरात ब्रॉडबँड असेल तर वायफाय कॉलिंग चालू करा. जिओ आणि एअरटेलवर ते आहे, वेगळे पैसे पडत नाहीत, नंबर तोच राहतो. भिंतींच्या आतला कॉल वायफायवरून जातो. चिऱ्याच्या घरातल्या निम्म्या तक्रारी मी या एका बटणावर मिटवल्या आहेत. फक्त वीज गेली की राउटर बंद आणि कॉलही बंद, हे घरातल्या म्हाताऱ्यांना सांगून ठेवा. राउटरला छोटा यूपीएस लावला तर तेही भागतं.

ब्रॉडबँड नसेल तर ज्या कंपनीचं सिम तुमच्या माजघरात चांगला आकडा दाखवतं तिथे पोर्ट करा. 'PORT', मग एक जागा सोडून तुमचा नंबर, असा मेसेज १९०० वर जातो, तो कुठल्याही दुकानात करून देतात. आलेला कोड चार दिवसच चालतो. पोर्ट करण्याआधी त्या कंपनीचं सिम कुणाकडून तरी एक दिवस घेऊन, पावसाळ्यात आणि संध्याकाळी, घरात वापरून बघा. आधी १९८ वर सध्याच्या कंपनीकडे तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक लिहून ठेवा. "रेंज नाही" असं मोघम सांगू नका. "अमुक वाडीत, घरात उणे ११८, अंगणात उणे ११२, दोन फोनांत तेच" असं सांगितलं की "फोन रीस्टार्ट करून बघा" यापुढे बोलणं सरकतं.

बूस्टरबद्दल. ऑनलाइन मिळतात, गच्चीवर अँटेना, आत डबा. परवान्याशिवाय ते विकणं आणि वापरणं आपल्याकडे बेकायदा आहे. आणि नियम बाजूला ठेवला तरी ते वाईटच. तो डबा आत येणारा सगळा गोंगाटही वाढवून टॉवरकडे फेकतो. तुमच्या घरात चार कांड्या येतात आणि आख्ख्या आळीचे कॉल तुटायला लागतात. मी बसवून देत नाही, विचारू नका. फोनच्या मागे चिकटवायचे 'अँटेना स्टिकर' तर निव्वळ फसवणूक आहेत, त्यांना कुठे जोडणीच नसते.

परदेशातून आलेला फोन

भाचा अमेरिकेतून फोन घेऊन येतो, फोन उत्तम असतो आणि गावात रेंज धरत नाही. दोन कारणं असतात. एक, तो तिथल्या कंपनीला लॉक केलेला असतो. तेव्हा 'सिम चालणार नाही' असा संदेश येतो आणि लॉक त्या कंपनीनेच काढायला हवं. दुसरं, आपल्याकडे वापरतात तो एखादा बँड, म्हणजे फ्रीक्वेन्सीचा पट्टा, त्या मॉडेलमध्ये नसतो. शहरात दुसऱ्या बँडवर भागतं, गावात तोच एक असेल तर अडतं. मॉडेल क्रमांकावरून बँडची यादी काढा आणि बँड ३, ५, ८ आणि ४० आहेत का बघा. नसेल तर कुठल्याही दुरुस्तीने तो येत नाही. आयफोन १४ पासून अमेरिकेतल्या मॉडेलना सिमची खाचच नाही, फक्त ई-सिम चालतं.

इथे थांबा, फोन दुकानात न्या

वरचं सगळं झालं, तुमचं सिम दुसऱ्या फोनात पळतंय, दुसऱ्याचं तुमच्यात मरतंय, तर आता आत काहीतरी आहे. घरी उघडू नका. मागचं काचेचं झाकण गोंदाने बसवलेलं असतं आणि त्याखाली बॅटरी असते. तिला धारदार काही लागलं तर पेट घेते. पाण्यापासून बचाव करणारं सीलही एकदा उघडलं की पहिल्यासारखं राहत नाही. फोन वॉरंटीत असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच न्या, माझ्याकडेसुद्धा नको.

डिस्प्ले, बॅटरी किंवा चार्जिंगची पट्टी बदलल्यावर रेंज गेली असेल, तर ज्याने काम केलं त्याच्याकडेच परत जा आणि "अँटेनाची केबल बसली आहे का बघा" असं स्पष्ट सांगा. मुख्य बोर्डापासून खालच्या पट्टीपर्यंत एक दोऱ्याएवढी केबल जाते, तिच्या टोकाला टिचबटणासारखी जोडणी असते. बॅटरी काढताना ती निघते, घाईत तशीच राहते किंवा अर्धवट बसते. फोन चालू होतो, सगळं चालतं, फक्त रेंज अर्धी होते. दुरुस्तीनंतर रेंज गेलेल्या फोनमध्ये मी पहिल्यांदा हीच बघतो आणि बहुतेक वेळा हीच असते. दुसरा नंबर स्वस्तातल्या डुप्लिकेट पट्टीचा. चार्जिंग होतं, पण तिच्यावरचा अँटेनाचा भाग कामचलाऊ असतो.

फोन पडल्यापासून रेंज गेली असेल तर फ्रेम वाकून अँटेनाचा स्प्रिंग सुटलेला असतो, किंवा बोर्डावरची सिग्नल वाढवणारी चिप हललेली असते. पहिलं स्वस्तात होतं. दुसऱ्याला मायक्रोस्कोप, गरम हवेचं स्टेशन आणि शांत हात लागतो, आणि तरी हमी नसते. माझ्या मते तीन-चार वर्षं जुन्या, मध्यम किमतीच्या फोनवर ते काम करून घेऊ नये.

भिजलेला फोन चालू करून बघू नका, चार्जिंगला लावू नका, तांदळात ठेवू नका. बंद करून लगेच दुकानात न्या. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर आमच्या बाजारात फोनांचे ढीग लागले होते. गाळाचं पाणी गेलेले बरेच फोन वाळल्यावर चालू झाले आणि पुढच्या काही आठवड्यांत त्यांची रेंज जायला लागली, कारण आत हिरवट गंज चढत होता. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेतही हे होतं, फक्त सावकाश.

*#०६# डायल करा. आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, रिकामा, शून्य किंवा पेटीवरच्यापेक्षा वेगळा आला, तर सॉफ्टवेअर किंवा बेसबँड (टॉवरशी बोलणारी) चिप गेलेली असते. "मी दुसरा आयएमईआय टाकून देतो" असं म्हणणाऱ्या दुकानातून सरळ बाहेर पडा. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड आहे. जुना फोन विकत घेतलाय आणि आयएमईआय बरोबर असूनही कुठलंच सिम चालत नाही, तर संचार साथी पोर्टलवर तो नंबर तपासा. चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला फोन भारतात कुठल्याच कंपनीवर रेंज धरत नाही. तसा निघाला तर ज्याच्याकडून घेतला त्याला गाठा आणि पोलिसांकडे जा. त्यात दुरुस्तीवाल्याचं काही काम नाही.

दुकानात देण्याआधी फोटो, कॉन्टॅक्ट काढून ठेवा, सिम आणि मेमरी कार्ड स्वतःकडे ठेवा. कागदावर लिहिलेले आकडे सोबत आणा: घरात किती, बाहेर किती, दुसऱ्या सिमवर किती. परत घेताना दुकानातच, त्याच जागी, तुमचं सिम घालून आकडा बघा आणि एक कॉल लावून बोला, मग पैसे द्या.